अर्जासोबतचें पत्र

वसमतहून एक रस्ता नांदेडकडे जातो आणि दुसरा औंढा नागनाथाकडे. नांदेडला गोदावरीच्या कांठीं शिखांचें तख्त सचखंड श्री हुजूर साहिब. औंढ्याला बारा ज्योतिर्लिंगांत गणलें जाणारें यादवकालीन मंदिर. आणि हिंगोलीजवळ, संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जाणारें नर्सी. वर्षभर यात्रेकरूंच्या गाड्या या वाटांनीं जातात-येतात. वसमत स्वतः मात्र हळदीचें गांव. येथील हळदीला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. समोरून जाणाऱ्या या प्रवाशांच्या सेवेंतूनहि आपल्या घरांतील मुलाचें किंवा मुलीचें पोट भरूं शकेल, हा विचार पेठेंतल्या घरांत बहुधा पदवी हातीं आल्यावर सुचतो. आणि तो सुचला म्हणजे पहिली अडचण उभी राहते ती एका पानाच्या पत्राची.

बायोडेटा तयार करणें सोपें असतें. जन्मतारीख, शिक्षण, गुण, येत असलेल्या भाषा एवढें लिहिलें कीं झालें. परंतु त्यासोबत जें पत्र जोडावयाचें, त्यांत काय लिहावें हें शाळेंत कोणी नीटसें शिकविलेलें नसतें. बायोडेटा उमेदवाराचा इतिहास सांगतो. हा उमेदवार नेमका याच संस्थेच्या काय उपयोगी पडेल, हें पत्रानें सांगावयाचें असतें. पर्यटनाच्या धंद्यांत तर या पत्राला आणखी एक अर्थ आहे. अनोळखी माणसाशीं थोडक्यांत, स्पष्ट आणि अदबीनें बोलणें हेंच तेथील मुख्य काम. आणि उमेदवार अनोळखी माणसाशीं कसा बोलतो, याचा पहिला नमुना म्हणजे त्याचें पत्र. तो नमुना कंटाळवाणा निघाला, तर चाळीस प्रवाशांना हा दिवसभर कसा रमविणार, अशी शंका मालकाला आल्यावांचून राहत नाहीं.

महाराष्ट्राला पत्रलेखनाचें वळण नवीन नाहीं. औंढ्याच्या मंदिराची बांधणी ज्याच्या नांवानें हेमाडपंती म्हणून ओळखली जाते, त्या हेमाद्रीच्या नांवावर परंपरेनें ‘मेस्तक’हि सांगितला जातो, कोणास कोणता मायना लिहावा याचे नियम त्यांत आहेत. पुढें दरबार बदलले, तशी मायन्याची भाषाहि बदलली. वसमत १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानांत होतें आणि तेथें कारभाराची भाषा उर्दू होती. कचेरींत द्यावयाच्या दरख्वास्तींत लीनता जितकी अधिक, तितकी ती शोभून दिसे. इंग्रजी अमलांतील ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ हेंहि त्याच जातीचें. या दोन्ही वळणांचा अंमल अद्याप पुरता उतरलेला नाहीं. ‘घरची परिस्थिति बेताची असून आपण कृपा करून सेवेची संधि द्यावी’ असें वाक्य आजहि पुष्कळ वडील मुलाकडून लिहवून घेतात. त्यांचा हेतु चांगला असतो. पण याचना करणाऱ्या माणसाच्या हातीं प्रवाशांचा जथा सोंपवावा असें कोणास वाटेल?

याच्या उलट टोंकाला एक नवी खोड आहे. ‘आपल्या नामांकित संस्थेंत माझ्या कौशल्यांना वाव मिळेल’ हें वाक्य कोणत्याहि संस्थेला लावावें, कोठेंहि बसतें; म्हणूनच तें कोठेंच बसत नाहीं. अलीकडे संगणकाकडून पत्र रचून घेण्याची सोय झाली, तेव्हांपासून अशीं गुळगुळीत पत्रें ढिगानें येऊं लागलीं. वाचणारा पहिल्या दोन ओळींतच तीं ओळखतो.

लिओनार्दो दा विंची यानें मिलानच्या लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागतांना केलेला पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. तो साधारण १४८२ च्या सुमाराचा मानतात. जगाला चित्रकार म्हणून ठाऊक असलेल्या या पुरुषानें त्यांत प्रथम काय लिहिलें? हलके पूल, वेढ्याचीं यंत्रें, तोफा. चित्रकलेचा उल्लेख अगदीं शेवटीं येतो. लुदोविकोला त्या काळीं युद्धाची काळजी होती. पत्र लिहिणाऱ्यानें स्वतःच्या आवडीपेक्षां वाचणाऱ्याची गरज पुढें ठेवली.

आतां वसमतच्या एकाद्या पदवीधराचें उदाहरण घ्यावें. पुण्या-मुंबईची एक प्रवाससंस्था महाराष्ट्रांतील पांच ज्योतिर्लिंगांची, म्हणजे भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर, परळी आणि औंढा यांची, सहल काढते आणि तिला साहाय्यक सहल-व्यवस्थापक हवा आहे. अशा संस्थेची गरज काय असेल? प्रवासी बहुधा वयस्क. औंढ्याचें गर्भगृह जमिनीच्या पातळीखालीं, उतरण्याची वाट अरुंद. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेथें धीर द्यावा लागतो. परळी व औंढा यांच्याविषयीं प्रवासी हमखास विचारतात, कीं देवघरचें वैद्यनाथ आणि द्वारकेजवळचें नागेश्वर हींहि ज्योतिर्लिंगें म्हणवितात, मग खरें कोणतें? कोणाचीहि श्रद्धा न दुखवितां या प्रश्नाचें उत्तर देणें हें मोठें कौशल्य आहे. नंदी मंदिराच्या मागें कसा, हाहि प्रश्न ठरलेलाच. नामदेवांच्या कीर्तनासाठीं देऊळ फिरल्याची कथा सांगावी. मात्र ती कथा म्हणून सांगावी आणि मंदिर यादवांच्या काळचें आहे हें इतिहास म्हणून सांगावें. हा भेद ज्याला कळतो, त्यानें तो पत्रांत एका वाक्यांत दाखवावा. त्या उमेदवाराचें पत्र कांहींसें असें होईल:

‘महोदय, सादर नमस्कार. आपल्या पांच ज्योतिर्लिंगांच्या सहलीसाठीं साहाय्यक हवा असल्याची जाहिरात वाचली. माझें घर वसमतला आहे. औंढ्याला मी लहानपणापासून जात आलों असून गेलीं दोन वर्षें महाशिवरात्रीच्या गर्दींत वृद्ध यात्रेकरूंना रांगेंत मदत करण्याचें काम केलें आहे. ज्यांना गर्भगृहांत उतरणें झेपणार नाहीं, त्यांना तें आधींच सौम्यपणें सांगावें लागतें, हें मी तेथें शिकलों. मराठी व हिंदी उत्तम बोलतां येतात. इंग्रजी समजतें, बोलण्याचा सराव चालू आहे. पदवीनंतर एक वर्ष वडिलांच्या हळदीच्या व्यापारांत होतों. तेथें हिशेब आणि गिऱ्हाइकाशीं बोलणें या दोन्ही गोष्टी अंगवळणीं पडल्या. दिवाळींत व उन्हाळ्याच्या सुट्टींत घराबाहेर राहण्यास माझी तयारी आहे. आपण बोलावाल त्या दिवशीं भेटीस येईन.’

या पत्रांत अलंकार नाहीं, पण लपवालपवीहि नाहीं. ‘अस्खलित इंग्रजी’ असें लिहून टाकण्याचा मोह मोठा असतो. तो खोटेपणा मुलाखतीच्या दुसऱ्या मिनिटाला उघडा पडतो. हळदीच्या दुकानांतलें वर्ष रिकामें गेलें असें समजून तें झांकण्याची गरज नव्हती, उलट तेंच कामास आलें. कृषि-पर्यटनाकडे अर्ज करणाऱ्याला तर याहून अधिक उपयोग. महाराष्ट्र शासनानें कृषि-पर्यटनाचें धोरण २०२० मध्यें जाहीर केलें. शहरांतून शेतावर येणाऱ्या पाहुण्याला हळद कशी शिजवितात, वाळवितात आणि पॉलिश करितात हें हातानें दाखवूं शकणारा मनुष्य पुस्तकी पदवीधराहून नक्कीच उजवा ठरेल. सुट्ट्यांविषयींचें वाक्य लहान, पण मालक तेंच आधीं शोधतो, कारण लोक जेव्हां सुट्टी घेतात तेव्हांच या धंद्याला काम असतें. मुलगी अर्ज करीत असेल, तर हें वाक्य लिहिण्यापूर्वीं घरांत मोकळेपणें बोलणें झालेलें बरें. नेमणूक झाल्यावर दिवाळीच्या तोंडावर घरच्यांनीं नकार दिला, तर नोकरी तिची जाते.

हॉटेलसाठीं हेंच पत्र चालणार नाहीं. तेथें देवळाची माहिती कोणी विचारीत नाहीं. रात्रपाळीची तयारी, नीटनेटकेपणा, रोख हिशेब आणि रागावलेल्या पाहुण्यापुढें राखलेली शांतता यांना मोल. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्यें स्थापन झालें. अशा सरकारी महामंडळाच्या भरतींत ठराविक नमुन्यांतला अर्ज आणि नियमांतील पात्रता हींच चालतात, सुंदर पत्रानें तेथें कांहीं साधत नाहीं. पत्राचें खरें क्षेत्र खासगी संस्थांचें.

पत्र एका पानाबाहेर जाऊं नये. जाहिरात मराठींत असेल तर पत्र मराठींत, इंग्रजींत असेल तर इंग्रजींत. ज्याला लिहावयाचें त्याचें नांव जाहिरातींत दिलें असल्यास तें बिनचूक लिहावें. पगाराची गोष्ट विचारल्याखेरीज काढूं नये. उलट, नोकरी देतों म्हणून आधीं अनामत किंवा शुल्क मागणारी संस्था असेल, तर पत्र पाठविण्याचे श्रमहि वाचवावेत. परदेशांतील हॉटेलाचें आमिष दाखविणारा दलाल परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे कीं नाहीं, हें त्या मंत्रालयाच्या ई-मायग्रेट सेवेंत पाहतां येतें. पासपोर्ट कोणाच्या हातीं देण्यापूर्वीं तें पाहावें.

ई-मेलनें पत्र पाठवितांना फाइलीला स्वतःचें नांव द्यावें. पत्र पाठविल्यावर आठवड्याभरानें एकदां दूरध्वनि करावा, रोज करूं नये. आणि दुसऱ्या संस्थेला तेंच पत्र पाठवावयाचें असेल, तर पहिल्या संस्थेचें नांव आंत कोठें राहून गेलें नाहीं ना, हें घरांतील दुसऱ्या कोणाकडून वाचवून घ्यावें.