काण्हपा ते कानिफनाथ : गर्व उतरवणारी फळं

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यातल्या मढीत कानिफनाथांच्या समाधीला भक्तांची रीघ लागते. नाथपंथाच्या या सत्पुरुषाचा माग काढत गेलं, की आपण बंगाल, नेपाळ आणि तिबेटच्या बौद्ध परंपरेत पोहोचतो. वज्रयान या तांत्रिक बौद्ध मार्गातल्या 84 सिद्धांपैकी एक काण्हपा, म्हणजेच कृष्णाचार्य. त्यांचे गुरू जालंधरीपा. आपल्या कानिफनाथांचे गुरू जालंधरनाथ. म्हणूनच अनेक अभ्यासक काण्हपा आणि कानिफनाथ यांना एकच मानतात.

काण्हपा कवी होते. 1907 मध्ये हरप्रसाद शास्त्रींना नेपाळच्या दरबारी ग्रंथालयात चर्यापदांची, म्हणजे बौद्ध सिद्धांच्या गूढ गीतांची, पोथी सापडली. 1916 मध्ये प्रकाशित झालेल्या या संग्रहात सर्वाधिक पदं काण्हपांची आहेत. एका पदात ते आपल्या गुरूंना, जालंधरीपांना, साक्षीला बोलावतात.

सिद्धांची चरित्रं सांगणारा अभयदत्ताचा ग्रंथ तिबेटी भाषांतरात टिकला आहे. त्यातला काण्हपा समुद्रावरून चालू लागतो. असं सामर्थ्य गुरूंकडेही नाही, असं मनात येताच तो बुडू लागतो. पुढे झाडाखाली बसलेली एक मुलगी त्याला फळं नाकारते. तो नुसत्या नजरेने फळं खाली पाडतो; ती नजरेनेच ती पुन्हा फांदीला लावते. ती डाकिणी, म्हणजे वज्रयानातली सिद्ध स्त्रीशक्ती, असते. संतापून तो तिच्यावर मंत्र टाकतो, मग मागे घेतो; पण तिने उलट टाकलेला मंत्र त्याच्या अंताला कारण होतो.

1819 मध्ये धुंडिसुत मालूने रचलेल्या ‘नवनाथ भक्तिसारा’तही हाच प्रसंग वेगळ्या रूपात येतो. कानिफ मंत्राने आंबे पाडतात. ते पुन्हा झाडाला लावणं त्यांना जमत नाही. नाथपंथातलेच गोरक्षनाथ ते करून दाखवतात.

डाकिणीच्या जागी गोरक्ष आले, तरी शिकवण तीच राहिली. वज्रयानात चमत्काराची शक्ती ही सामान्य सिद्धी. परम सिद्धी म्हणजे महामुद्रा, जिथे ‘मी’पणच विरतं. फळ तोडायला सामर्थ्य पुरतं. तोडलेलं पुन्हा जोडायला मात्र अहंकार सोडावा लागतो.

गोरक्षही 84 सिद्धांच्या यादीत आहेत आणि त्यांच्याच परंपरेत गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव येतात. म्हणून नवनाथांची पोथी चर्यापदांच्या शेजारी ठेवून वाचायला हवी. आपल्या भक्तिपरंपरेच्या घडणीत बौद्ध सिद्धांचाही वाटा आहे, आणि तो मोकळ्या मनाने मान्य करण्यात आपल्या परंपरेचा मोठेपणाच आहे.