एकच आजार, दोन निर्णय

पुण्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या इंदापूरच्या भाऊंची गोळी डॉक्टरांनी बंद केली आणि माझी मात्र चालू ठेवली. आजार दोघांचा एकच, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. दोघांनाही तो २०१२ सालीच कळला. त्या दिवशी विट्याला परत येताना मन खट्टू होतं. नंतर डॉक्टरांनी दोघांच्याही बाबतीत बरोबरच केलं, हे नीट समजलं. तेच इथे सांगायचं आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. २०१२ च्या पावसाळ्यात शाळेचा जिना चढताना धाप लागू लागली. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असायला हव्यात, माझ्या १ लाख ८६ हजार निघाल्या. डावीकडचं ते जडपण वाढलेल्या पाणथरीचं होतं. पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञांनी कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून तपासला आणि निदान पक्कं झालं.

या आजाराची गोष्ट मी आता नववीच्या मुलांनाही सांगते. १९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक खुजं गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी त्याचं कारण दाखवलं. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन चिकटलेले असतात. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल नावाचं नवंच जनुक तयार होतं. त्याचं प्रथिन मॅरोला ‘पेशी बनव, पेशी बनव’ असं सांगत राहतं आणि थांबतच नाही. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली इमॅटिनिब ही गोळी नेमकी त्या प्रथिनात जाऊन बसते आणि त्याचं काम बंद पाडते. हा दोष आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडेही जात नाही. माझ्या मुलीला मी सगळ्यात आधी हेच सांगितलं.

निदान झालं त्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ तासगावहून आला आणि म्हणाला, “ताई, माझा मॅरो घ्या म्हणावं.” सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. पण डॉक्टरांनी त्याची तपासणीसुद्धा केली नाही. मॅरो बदलून हा आजार मुळातून जाऊ शकतो, पण त्यात जिवालाही धोका असतो. गोळीनेच बहुतेकांचा आजार आटोक्यात राहत असेल, तर तो धोका आधी कशाला पत्करायचा, असं त्यांनी समजावलं. मोठा उपाय हाताशी असताना तो न करणं, हा माझ्या उपचारातला पहिला निर्णय.

ही गोळी पुढेही परवडत राहिली, याला एक निकाल कारण आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटसाठी नोव्हार्टिस कंपनीने केलेली मागणी फेटाळली. तेव्हा कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास सांगितला जायचा, आपल्याकडच्या जेनेरिक गोळ्या आठ-नऊ हजारांत यायच्या. स्टाफरूममध्ये ती बातमी वाचताना माझे डोळे भरून आले होते.

यानंतरची सगळी गणितं एका रिपोर्टवर चालतात. बीसीआर-एबीएल रक्तात किती उरलं, ते टक्क्यांत येतं. तीन महिन्यांत ते दहा टक्क्यांच्या आत यावं आणि वर्षभरात ०.१ टक्क्याच्या खाली जावं, अशी अपेक्षा असते. माझं ०.०४ पर्यंत उतरलं आणि कित्येक वर्षं तिथेच राहिलं. २०२१ च्या मार्चमध्ये ते एकदम २.८ झालं.

मला वाटलं, डॉक्टर लगेच औषध बदलतील. त्यांनी आधी विचारलं, “बाई, गोळी चुकते का?” मी आधी नाही म्हटलं. मग खरं सांगितलं. लॉकडाउनमध्ये शाळा ऑनलाइन होती, जेवणाच्या वेळा मोडल्या होत्या. ही गोळी भरल्या पोटी घ्यायची असते. मळमळायला लागलं की ‘आजची राहू दे’ म्हणत महिन्याला पाच-सहा गोळ्या चुकत होत्या. डॉक्टर रागावले नाहीत. पण हे लपवलं असतं तर पुढचा सगळा विचार चुकीच्या पायावर उभा राहिला असता.

मग म्युटेशनची तपासणी झाली. ते प्रथिन कधीकधी आपला आकार किंचित बदलतं आणि गोळी त्यात बसेनाशी होते. नेमका कोणता बदल झाला आहे, त्यावरून पुढचं औषध ठरतं. माझ्या रिपोर्टमधल्या बदलावर माझी चालू गोळी इमॅटिनिब आणि तशाच कामाचं दुसरं औषध निलोटिनिब, दोन्ही कमी पडतात. शिवाय मला मधुमेह आहे आणि निलोटिनिबने साखर वाढू शकते, रक्तवाहिन्यांनाही त्रास होऊ शकतो. म्हणून डॅसॅटिनिब ठरलं. त्याने फुप्फुसाभोवती पाणी साठू शकतं, म्हणून धाप लागली तर त्याच दिवशी फोन करायचा, असं डॉक्टरांनी बजावलं. मी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. त्यात पित्तासाठी मी मनानेच रोज सकाळी घेत असलेली गोळी निघाली. पोटातलं आम्ल कमी झालं की डॅसॅटिनिब नीट शोषलं जात नाही. ती गोळी त्याच दिवशी बंद झाली.

आता पुन्हा इंदापूरच्या भाऊंकडे येते. त्यांचा आजार पहिल्याच गोळीने दबला आणि वर्षानुवर्षं त्याचा मागमूस दिसला नाही. अशा रुग्णांची गोळी थांबवून बघता येते. साधारण निम्म्यांमध्ये आजार परततो, तोही बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी सुरू केली की जवळजवळ सगळ्यांचा पुन्हा आटोक्यात येतो. म्हणूनच भाऊंना सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासून घ्यावं लागतं. माझा आजार एकदा औषधाला दाद न देता उसळला होता. त्यामुळे मी थांबवलं तर तो परतण्याची भीती जास्त. डॉक्टरांनी दोघांचे जुने रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून विचार केला असता, तरी निर्णय हेच झाले असते.

तज्ज्ञ डॉक्टरांचा निर्णय आपण दिलेल्या माहितीवर उभा असतो. म्हणून रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे फायलीत लावा. घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण डॉक्टरांना दाखवा. ‘हेच औषध का, दुसरं का नाही’ हे विचारा, उत्तर लिहून घ्या. चुकलेल्या गोळ्यांचा आकडा खरा सांगा. आणि शेजारच्या रुग्णाची गोळी बंद झाली म्हणून आपली कधीही बंद करू नका.