व्ह्यूज मोजता येतात, पण प्रभाव कसा मोजायचा?

आजचा प्रश्न ऐकायला सोपा आहे. एखादा गायक खरंच महत्त्वाचा आहे, हे कशावरून ठरवायचं?

लगेच सुचणारं उत्तर म्हणजे प्ले किती झाले ते बघा. पण तो आकडा किती जणांनी ऐकलं एवढंच सांगतो. ऐकून पुढे काय झालं, ते सांगत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादी ओपन सोर्स लायब्ररी बघताना नुसते स्टार मोजत नाही. तिच्यावर किती प्रोजेक्ट उभे आहेत तेही बघतो. ती काढून टाकली तर काय काय बंद पडेल? हाच प्रश्न आज एका गायकाला लावून बघू: किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

जन्म 1872चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. मृत्यू 1937. म्हणजे त्यांना प्रत्यक्ष ऐकलेलं माणूस आज भेटणं जवळजवळ अशक्य. हाती उरल्या आहेत त्या जुन्या रेकॉर्ड, एका बाजूला तीनेक मिनिटं मावणाऱ्या. आता त्यांना 'काढून' बघा.

पहिली गोष्ट, शिष्य. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांच्याकडे शिकले. सवाई गंधर्वांकडे शिकले गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी. गंमत म्हणजे या तिघांचे आवाज अजिबात एकमेकांसारखे नाहीत. गंगूबाईंचा भारदस्त, दस्तूरांचा मुलायम, भीमसेनजींचा घुमणारा. इथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे. ज्याची फक्त नक्कल होते तो लोकप्रिय. ज्याच्याकडून शिकून माणसं वेगवेगळी होतात, तो प्रभावी.

दुसरी गोष्ट, अनोळखी लोकांपर्यंत पोचणं. भीमसेन गदगमध्ये लहानाचे मोठे झाले. लहानपणी त्यांनी खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली, आणि असं गाणं शिकायचंच म्हणून 1933मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडलं. गुरू शोधत पार जालंधरपर्यंत भटकले. विचार करा, तीन मिनिटांच्या ऑडिओने हे केलं!

तिसरी गोष्ट, भाषा बदलणं. म्हणजे नंतरच्यांना नवीन काही करायची मुभा मिळणं. खाँसाहेब म्हैसूर दरबारात जायचे, तिथे त्यांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं. त्यागराजांची रचना रेकॉर्ड केली. ख्यालात सरगम वापरली. आज मैफलीत कुणी सरगम घेतली तर आपल्याला त्यात वेगळं काही वाटत नाही. प्रभाव पूर्ण मुरला की तो दिसेनासा होतो, तो असा.

घरातही तेच. त्यांची मुलं सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. बाईने तिकीट लावून जाहीर मैफल करणं समाजाला पचत नव्हतं, त्या काळात हिराबाईंनी ते केलं. पुढे प्रभा अत्रे या दोघांकडे शिकल्या. आता सांगा, ही एक लायब्ररी काढली तर किती काय बंद पडेल?

पण एक गोष्ट विसरायला नको. खाँसाहेबांचं मोठेपण त्यांच्या गळ्यात होतंच, पण ते टिकलं कारण रेकॉर्ड निघाल्या, शिष्य गात राहिले, आणि सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953पासून पुण्यात महोत्सव सुरू झाला. ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही, असे कितीतरी गुणी गायक आपल्याला नावानेही माहीत नाहीत. म्हणजे 'काळच ठरवतो' हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं माणसं ठरवतात. शिकणारी, शिकवणारी, जपून ठेवणारी.

आणि त्यात आपणही आलो. अल्गोरिदम काल ऐकलेल्यासारखंच आज देतो. मागे जायचं तर आपणच शोधावं लागतं. म्हणून पुढच्या वेळी आवडता कलाकार ऐकताना एकच प्रश्न विचारा: हा कुणाला ऐकून असं गायला लागला? आणि त्या नावाला सर्च करा. खरखर असेल, आवाज बारीक येईल. हेडफोन लावा आणि तीन मिनिटं थांबा.

भेटू पुढच्या भागात!