पन्नास रुपयांच्या दंडाने काय साधते?

मुक्या जनावरास निर्दयपणे मारहाण करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किती? कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये! प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याच्या कलम ११ मधील ही रक्कम कित्येक दशके उलटली तरी बदलली नाही. तीन वर्षांच्या आत गुन्हा पुन्हा घडल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. परिणामकारक शिक्षेसाठी संसदेने दुरुस्ती करावी, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टूच्या निकालात व्यक्त केली होती.

प्राण्याला ठार मारणे, विष घालणे वा जायबंदी करणे यांसाठी २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र केवळ कैदेने वृत्ती पालटेलच असे नाही. कॅलिफोर्नियात अशा गुन्हेगारास परिवीक्षेवर सोडताना समुपदेशन सक्तीचे असते. आपल्याकडे कलम २९ अन्वये न्यायालय मालकाकडून जनावर काढून घेऊ शकते. त्याने जनावर वाचते, माणूस तसाच राहतो. न्याय संहितेने समाजसेवेची शिक्षा आणली, पण ती मोजक्या किरकोळ गुन्ह्यांपुरतीच. प्राण्यांवरील क्रौर्य त्यात नाही.

पोटासाठी बैलावर अतिभार लादणारा गाडीवान आणि गंमत म्हणून कुत्र्याला छळणारा, या दोघांना एकच माप लावणे न्याय्य नाही. पहिल्याला प्रशिक्षण व देखरेख हवी. दुसऱ्याला जरब आणि समुपदेशन दोन्ही. पन्नास रुपयांचा दंड मात्र ना धाक घालतो, ना सुधारतो.