झाडांचे डोहाळे

संस्कृत कवींनीं वृक्षांच्या 'दोहदा'ची एक रम्य कल्पना करून ठेविली आहे. अशोकाला फुलण्यासाठीं तरुणीच्या नूपुरयुक्त चरणाचा आघात हवा, बकुळाला तिच्या मुखांतील मद्याचें सिंचन हवें, असा हा कविसंकेत आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकांत राणी धारिणी स्वतःचा पाय दुखावल्यामुळें अशोकाचा दोहद पुरविण्याचें काम मालविकेकडे सोपविते. राजाची व मालविकेची भेट त्या अशोकापाशींच घडते, आणि नाटक संपण्यापूर्वीं तो अशोक फुलतोहि. आपल्या मराठींतील 'डोहाळे' हा शब्द या दोहदाचाच वंशज होय. कविसंकेत क्षणभर बाजूस ठेविला तरी त्याच्या मुळाशीं असलेला विचार खोटा नाहीं. झाड फुलत-फळत नसेल तर त्याला कांहींतरी हवें असतें. आणि तें काय, हें ओळखणें ज्याच्या अंगणांत तें उभें आहे त्याचें काम आहे.

आपल्या घरोघरीं मात्र या बाबतींत फारशी चौकशी होत नाहीं. परसांतील झाड चार-सहा वर्षांत फळलें नाहीं कीं 'वांझ आहे, तोडून टाका' असा निकाल लागतो. झाड तोडण्यास अर्धा दिवस पुरतो. तेंच पुन्हां वाढविण्यास दहा वर्षें लागतात. अमरकोशांत न फळणाऱ्या वृक्षाला वंध्य, अफल, अवकेशी असे पर्याय दिले आहेत खरे. पण कोशांत शब्द आहे म्हणून परसांत तसें झाड असलेंच पाहिजे असें नाहीं. आंबा, फणस, पपई, चिकू, सीताफळ, बोर हीं जीं आपल्या घरगुती बागेंतील झाडें, त्यांत खरोखर वंध्य असें झाड क्वचितच निघतें. बहुतेकांचे डोहाळे कोणीं ओळखलेले नसतात, एवढेंच. ते ओळखावे कसे, याचा थोडा विचार येथें करूं.

पहिला प्रश्न वयाचा. कोयीपासून उगवलेला रायवळ आंबा सात ते दहा वर्षें फळाचें नांव घेत नाहीं; आठळीपासून वाढलेला फणसहि सात-आठ वर्षें वाट पाहावयास लावतो. कलमाची गोष्ट निराळी. त्याची काडी प्रौढ, फळत्या झाडाची असल्यामुळें तें कित्येकदां लावल्याच्या दुसऱ्याच वर्षीं मोहोरतें. हा मोहोर पाहून घरांत आनंदीआनंद होतो. परंतु पहिलीं तीन वर्षें तो मन घट्ट करून खुडून टाकावा. कोंवळ्या कलमावर फळांचा भार पडला कीं त्याची वाढ खुंटते, आणि दोन आंब्यांच्या लोभानें पुढील पन्नास वर्षांचें नुकसान होतें.

कलमाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. कलमाचा खुंट निराळा व काडी निराळी. चिकूचें कलम तर खिरणीच्या खुंटावर बांधतात. जोडाच्या खालून फूट निघाली व ती वेळींच काढली नाहीं, तर सारा रस ती ओढून घेते, वरची काडी रोडावते, आणि अखेर खुंटच झाड होऊन बसतो. घरचीं माणसें चिकूची वाट पाहत असतात आणि दारांत उभी असते खिरणी! म्हणून लावतांना जोड मातीच्या वर राहील असें पाहावें व जोडाखालील फूट दिसतांच बोटानें मोडून टाकावी.

दुसरा प्रश्न जागेचा. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचिलेल्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. दोन झाडांमध्यें २० हात अंतर असावें तें उत्तम, १६ हात तें मध्यम व १२ हात तें कनिष्ठ, असें तो सांगतो; आणि एकमेकांस चिकटलेलीं, मुळें गुंतलेलीं झाडें पीडित होऊन नीट फळत नाहींत, असेंहि बजावतो. २० हात म्हणजे सुमारें ३० फूट. आज कोंकणांत हापूसच्या दोन कलमांमध्यें १० मीटर, म्हणजे जवळजवळ ३३ फूट, अंतर ठेवण्याची शिफारस आहे. एवढ्या शतकांनंतर फरक पडला तो तीन फुटांचा! आपण मात्र हौसेच्या भरांत दहा फुटांवर आंबा, त्याच्या बगलेंत फणस आणि दोहोंच्या सावलींत चिकू लावतों, आणि मग चिकू फळत नाहीं म्हणून त्यालाच दोष देतों. त्याचा डोहाळा साधा आहे: त्याला ऊन हवें आहे. शेजारच्या झाडाच्या दोन फांद्या उतरविल्या तरी कित्येकदां काम भागतें.

ज्यांचें परस एवढें ऐसपैस नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. दशेरी व नीलम यांच्या संकरांतून दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेंत निघालेली 'आम्रपाली' ही आंब्याची जात बुटकी असते, थोड्या जागेंत मावते आणि बहुधा दरवर्षीं फळते. कागदी लिंबू आणि पपई यांनाहि फारशी जागा लागत नाहीं.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि येथेंच सुगृहिणींकडून नकळत अधिक लाड होतात. मोठ्या आंब्याचा डोहाळा पाण्याचा नसून तहानेचा आहे. पावसाळा संपला कीं जमीन सुकूं लागते, झाडाची वाढ थांबते, पिकलेल्या काड्या विश्रांति घेतात, आणि थंडी पडतांच त्यांच्या शेंड्यांतून मोहोर बाहेर पडतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळांत आपण पाणी व शेणखत देत राहिलों, तर झाड मोहोराऐवजीं तांबूस पालवी काढून मोकळें होतें. पालवी दिसावयास सुंदर. पण त्या वर्षींचा आंबा गेला म्हणून समजावें. मोरीचें पाणी पन्हळीनें आंब्याच्या बुंध्याशीं सोडण्याची जी चाल पुष्कळ घरांत आहे, ती याच कारणानें घातक ठरते. त्या पाण्यावर केळ लावावी. तिला तें मानवतें. आंब्यास पाणी द्यावयाचें तें फळें वाटाण्याएवढीं झाल्यावर, दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानें. खत जूनच्या आरंभीं घालावें, आणि तेंहि बुंध्याशीं नव्हे. फांद्यांचा घेर जेथें संपतो तेथें खालीं वर्तुळाकार चर खणून त्यांत घालावें, कारण अन्न शोषणारीं बारीक मुळें त्याच बाजूस पसरलेलीं असतात. अर्थात् हा तहानेचा नियम मोठ्या झाडासाठीं आहे. नव्या कलमास पहिले तीन उन्हाळे नियमानें पाणी मिळालेंच पाहिजे.

इतकें सारें करूनहि हापूस एका वर्षीं भरभरून येतो व दुसऱ्या वर्षीं स्वस्थ बसतो. तो रुसवा नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. ज्या काड्यांनीं यंदा फळें पोसलीं त्यांना नवी पालवी काढून ती पिकविण्यास वेळ लागतो. ती पिकेपर्यंत मोहोराचा हंगाम निघून जातो. या खोडीवर तोड म्हणून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानें नीलम व हापूस यांचा संकर करून १९८१ सालीं 'रत्ना' ही जात दिली, आणि पुढें रत्ना व हापूस यांच्या संकरांतून १९९२ सालीं अत्यंत पातळ कोयीची 'सिंधु' काढली. दरवर्षीं फळाची अपेक्षा असेल त्यांनीं या जाति लावाव्या. हापूसच हवा असेल त्यांनीं त्याची विश्रांति मान्य करावी.

चौथा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. तो म्हणजे सोबत्याचा. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शेजारच्या एका मोठ्या कुटुंबाच्या परसांत तीन पपया होत्या. दोन फळांनीं लगडलेल्या. तिसरीला लांब देंठांवर लोंबणारे फुलांचे घोस, पण फळ एकहि नाहीं. वडील मंडळींनीं तिला वांझ ठरवून तोडविली. तो शब्द मोठ्यानें उच्चारला गेला त्या वेळीं घरची थोरली सून तुळशीला पाणी घालीत होती. तिच्या लग्नास नऊ वर्षें झालीं होतीं. तिनें वर पाहिलें नाहीं. पुढें महिन्या-दोन महिन्यांत उरलेल्या दोन्ही पपयांचीं फुलें व कोंवळीं फळें गळूं लागलीं. तोडलेली पपई वांझ नव्हती. ती नर होती, आणि तिच्या परागावरच त्या दोघींचा संसार चालला होता.

पपईच्या पुष्कळ जातींत नर व मादी हीं झाडें निरनिराळीं असतात. नराचीं फुलें लहान व लांब लोंबत्या तुऱ्यांवर येतात. मादीचीं मोठीं, बुडाशीं फुगीर, खोडाला लागूनच असतात. फूल येईपर्यंत, म्हणजे सुमारें पांच-सहा महिने, हा भेद ओळखतां येत नाहीं. म्हणून प्रत्येक खड्ड्यांत तीन-तीन रोपें लावावीं, फुलें दिसल्यावर एकेक मादी ठेवावी, आणि दहा माद्यांमागें एक नर अवश्य राखावा. एक-दोनच झाडांना जागा असेल तर 'कूर्ग हनीड्यू' अथवा 'रेड लेडी' यांसारखी जात निवडावी. त्यांत निव्वळ नर झाड निघत नाहीं आणि उभयलिंगी झाड स्वतःच्या परागावर फळतें. मात्र पपईच्या बुंध्याशीं पाणी सांचूं देऊं नये; दोन दिवस पाण्यांत उभी राहिली तर ती बहुधा कुजते.

या ठिकाणीं एक शब्द अधिक लिहावासा वाटतो. फळ न दिसलें कीं दोष कोठें आहे हें न तपासतां समोर दिसेल तिच्यावर शिक्का मारावयाचा, ही रीत झाडांपुरती राहिलेली नाहीं. अपत्यहीन दांपत्यांपैकीं पुष्कळांत कारण पुरुषाकडे असतें आणि तपासणी दोघांचीहि व्हावयास हवी, हें वैद्यकशास्त्र आज स्पष्ट सांगतें. परसांत सहज उच्चारलेला शब्द स्वयंपाकघरापर्यंत ऐकूं जातो, एवढें तरी वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

फणसाची तऱ्हा पपईहून निराळी. त्याच्या एकाच झाडावर नर व मादी अशीं दोन्ही फुलें स्वतंत्र येतात. बारीक देंठाचीं, गुळगुळीत, बहुधा लहान डहाळ्यांवर येणारीं तीं नर. जाड देंठाचीं, खोडावर व मोठ्या फांद्यांवर येणारीं तीं मादी. नर फुलें पराग सोडून झाल्यावर काळीं पडून गळतात. त्यांनाच कोंवळे फणस समजून 'आमच्या फणसाला दृष्ट लागली' अशी हळहळ पुष्कळ घरांत चालते. वयांत येणाऱ्या झाडावर पहिल्या खेपेस तर नर फुलेंच अधिक असतात. ती गळ म्हणजे अपशकुन नव्हे. झाड वयांत आल्याची ती खूण आहे.

सीताफळाच्या फुलांत स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात, पण त्यांची वेळ जुळत नाहीं. फूल अर्धवट उमलतें तेव्हां स्त्रीकेसर तयार असतो. पराग सुटतो तो मागाहून, तें पूर्ण उमलल्यावर. मधलें काम करणारे बारीक भुंगेरे कमी असले तर झाड फुलांनीं भरूनहि फळें मोजकींच धरतात. येथें घरांतील मुलांना काम द्यावें. सकाळीं लवकर पूर्ण उमललेल्या फुलांतील पराग एका वाटींत झाडून घ्यावा, आणि चित्रें रंगविण्याच्या मऊ कुंचल्यानें तो अर्धवट उमललेल्या फुलांच्या मध्यभागीं हलकेंच लावावा. पंधरवड्याच्या आंत कोणतीं फुलें टिकलीं हें मुलांना स्वतः मोजतां येतें. वनस्पतिशास्त्राचा याहून चांगला धडा वर्गांत देतां येत नाहीं, असें बहुत वर्षें खडू हातीं धरलेल्या माणसानें सांगितलें तर तें खोटें मानूं नये.

राहतां राहिला पांचवा डोहाळा: कात्रीचा. बोराला फळ येतें तें त्या वर्षींच्या नव्या फुटीवर. म्हणून फळें संपल्यावर, एप्रिल-मेच्या कडक उन्हांत झाड विश्रांति घेत असतां, त्याची छाटणी केली पाहिजे. न छाटलेली बोर कांट्यांचें जाळें वाढविते आणि फळें बारीक देते. पेरूचेंहि फूल नव्या फुटीवरच येतें. त्याच्या लांबलेल्या, जुन्या फांद्या आंखूड केल्यानें तो पुन्हां तरुण होतो. उलट आंब्याचे शेंडे पावसाळ्यानंतर छाटणें म्हणजे येणारा मोहोरच छाटणें होय. एकाचें औषध तें दुसऱ्याचें विष, हा न्याय परसांतहि लागू आहे.

तात्पर्य, न फळणाऱ्या झाडापुढें उभें राहून आपण पांच प्रश्न विचारावे: याचें वय काय? याला ऊन व जागा किती? पाणी व खत कोणत्या महिन्यांत मिळालें? याचा सोबती कोठें आहे? आणि याची छाटणी केव्हां झाली? यांचीं उत्तरें देण्यासाठीं एक लहानशी वही घरांत ठेवावी. झाड लावल्याचा दिवस, जातीचें नांव, पालवी, मोहोर, फळधारणा व पाणी यांची नोंद तींत करावी. एकत्र कुटुंबांत सर्वांचें झाड तें कोणाचेंच नसतें. सकाळीं एकजण पाणी घालतो, दुपारीं दुसरा, आणि चार दिवस कोणीच नाहीं. म्हणून प्रत्येक झाड घरांतील एकाच्या स्वाधीन करावें. त्यासाठीं दहा-बारा वर्षांचें मूलहि चालेल. आणि पांचहि प्रश्नांचीं उत्तरें वहींत नीट लिहिलेलीं असल्यावांचून कोणींहि कुऱ्हाड मागूं नये, असा नियम करावा.