रोमन राजकारणाचे लेखी खेळ

आंतरजालावर रोमन राजकारणाचे खेळ केवळ लेखी मजकुराच्या आधारें खेळले जातात. कोणी कॉन्सल होतो, कोणी ट्रिब्यून. आणि सिनेटपुढील भाषणें लिहून ते वाद घालतात. हा पोरखेळ होय काय? आमच्या मतें नव्हे.

ही रीत रोममध्यें जुनीच. तेथील वक्तृत्वशाळांत विद्यार्थी इतिहासांतील एखाद्या पुरुषास सल्ला देणारें भाषण रचीत. त्यास ‘सुआसोरिया’ म्हणत. थोरल्या सेनेकाच्या संग्रहांत असे सात विषय उपलब्ध आहेत. अँटनीजवळ सिसेरोनें जीवदान मागावें काय, हा त्यांपैकीं एक.

शिवाय, सनावळीनें जें उमगत नाहीं तें खेळानें उमगतें. इ. स. पू. ८१ च्या सुमारास सुल्लानें घालून दिलेल्या व्यवस्थेंत दरवर्षीं क्वेस्टर २०, प्रेटर ८ व कॉन्सल अवघे २ निवडले जात. ही शिडी वर किती अरुंद होत जाई, हें उमेदवारी करणारासच नीट कळतें.

तथापि खेळ हा पुरावा नव्हे. सिसेरोचा वध इ. स. पू. ४३ मध्यें झाला, हें खेळणारास ठाऊक असतें. सल्ला मागणाऱ्या सिसेरोस पुढचें ठाऊक नव्हतें. तें ज्ञान बाजूस ठेवून, त्या घटकेस जें ज्ञात होतें तेवढ्यावरच जो बोलेल, त्याचाच खेळ इतिहासाच्या कामीं येईल.