केजी ऑन म्यूट

ऑफिसातल्या कुठल्याही आईला विचारा, २०२० च्या पावसाळ्यात तिची सकाळ कशी जायची. लॅपटॉपवर तिचा क्लायंट कॉल, मोबाईलवर ज्युनिअर केजी आणि स्वतः केजीवाला पलंगाखाली! माझ्या मावसबहिणीकडे डिट्टो हाच सीन होता. मॅडम रंग विचारायच्या आणि उत्तरं द्यायची ताई.

सरकारांचीही तारांबळच उडाली होती. कर्नाटकने त्या जूनमध्ये पाचवीपर्यंतचे ऑनलाइन वर्ग बंद केले, तर जुलैत हायकोर्टाने त्या बंदीलाच स्थगिती दिली. आपल्याकडे आधी ठरलं, दुसरीपर्यंत ऑनलाइन नको. मग जुलैत पूर्वप्राथमिकला सोमवार ते शुक्रवार रोज ३० मिनिटं मिळाली. तीसुद्धा आईबाबांशी बोलायला, त्यांना समजावून सांगायला, बरं का! हा नियम मला तरी शहाणपणाचा वाटतो. तीन वर्षांचं पोर ठोकळे, माती आणि शेजारच्याचा डबा यातून शिकतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला तेच तर दाखवून दिलं होतं.

आता गंमत बघा. त्याच महिन्यात, २९ जुलैला, केंद्राने नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण मंजूर केलं. त्यात ३ ते ८ हा वयोगट 'पायाभूत स्तर' झाला: अंगणवाडी किंवा केजीची तीन वर्षं, अधिक पहिली-दुसरी. २०३० पर्यंत सगळ्या मुलांना दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण, असं टार्गेटही आलं. कागदावर एवढा मान आणि वर्गांना कुलूप! राज्यात पूर्वप्राथमिक वर्ग उघडायला हिरवा कंदील मिळाला तो थेट २४ जानेवारी २०२२ पासून. तोवर मॉल उघडले होते, रेस्टॉरंट्स उघडली होती.

असं का झालं? माझ्या मते, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. तो हक्क ६ ते १४ वयाचा. त्याआधीच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू 'शकते', बस्स! म्हणजे केजी बंद राहिली तरी हक्क हिरावला, असं म्हणायची सोयच नाही.

केजीचं तोंडही न बघता पहिलीत येणाऱ्यांसाठी मग जुलै २०२१ मध्ये 'विद्याप्रवेश' आलं, तीन महिन्यांचा खेळत शिकण्याचा कार्यक्रम. कल्पना छानच आहे. पण बुडालेली दोन वर्षं तीन महिन्यांत? ताईने तर हिशोब विचारणंच सोडलंय. आणि कायद्यातला तो सहाचा आकडा अजून सहाच आहे.